घरचे बायबल आणि मुलांचे प्रश्न

आपल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत बायबल असते, आणि अनेक घरांत ते वाचलेही जाते. सायंप्रार्थनेच्या वेळी वडीलधारी व्यक्ती एखादा उतारा वाचते, मुले हात जोडून बसतात, आणि वाचन संपताच उठून जातात. ही प्रथा चांगली आहे आणि ती टिकली पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु मुलांसमोर बायबल वाचणे आणि मुलांसोबत बायबलचा अभ्यास करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत मूल श्रोता असते. दुसरीत ते सहभागी असते. आपल्याकडील धर्मशिक्षणाची पुस्तके, मुलांसाठी लिहिलेल्या बायबलकथा आणि कौटुंबिक वाचनाची रीत या तिन्हींचा विचार करता, आपण पहिल्या गोष्टीलाच दुसरी समजत आलो आहोत असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात खानदेशातील, विशेषतः जळगाव व धुळे भागातील, ख्रिस्ती घरे डोळ्यांसमोर ठेवून या रीतीची चिकित्सा करण्याचा विचार आहे.

आरंभ बायबलपासूनच करू. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा विधी सांगून झाल्यावर, पुढे मुले या विधीचा अर्थ विचारतील तेव्हा त्यांना काय सांगावे, हेही सांगितले आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता मुलांच्या मनावर बिंबवावयाच्या आहेत. आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस पुत्राने पित्याला या आज्ञांचा अर्थ विचारण्याचा प्रसंग गृहीत धरलेला आहे. यहोशवाने यार्देनेच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणविले, तेही मुलांनी एके दिवशी हे कशाचे धोंडे असे विचारावे म्हणून. मुलाचा प्रश्न हा या ग्रंथाला व्यत्यय वाटत नाही. उलट तो प्रश्न उद्भवावा अशी योजना तो करतो. विधी आधी दिसतो, धोंडे आधी दिसतात, मग मूल विचारते, आणि त्यानंतर उद्धाराची कथा सांगितली जाते. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो तोही गुरुजनांमध्ये बसून, त्यांचे ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारीत. बालकाच्या अभ्यासाचे याहून स्पष्ट चित्र कोणते हवे?

या कसोटीवर आपली प्रश्नोत्तरी पाहावी. तिच्यात प्रश्न छापलेला असतो आणि उत्तरही छापलेले असते. मुलाने करावयाचे ते एवढेच, की दोन्ही पाठ करून ठेवावे. या पद्धतीचे ऋण आम्ही नाकारीत नाही. जेथे धर्मगुरू महिनोन्महिने येत नसत, तेथे श्रद्धेचा सांगाडा टिकविला तो या पाठांतराने. कोवळ्या वयात मुखोद्गत झालेली प्रार्थना पुढे दुःखाच्या घडीला माणसाला सावरते, हाही अनुभव आहे. आमचा आक्षेप पाठांतराला नाही. तो प्रश्नाच्या मालकीविषयी आहे. दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मूल लक्षात ठेवू शकते, परंतु त्याने त्याची भूक भागत नाही. स्वतःचा प्रश्न मनात घेऊन वाढलेले मूल पुढे त्याचे उत्तर शोधण्यासाठी ग्रंथाकडे परत येण्याचा संभव असतो. प्रश्नच न सुचलेल्या मुलाला परत येण्याचे कारणच उरत नाही.

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या परंपरेला ही दृष्टी परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ केवळ निवेदन नव्हे. त्यात विचारणारा श्रोता आहे आणि उत्तर देणारा गुरू आहे. जुनी पुराणे सुटली, आता आम्ही काय ऐकावे, अशा नवख्रिस्ती माणसाच्या गरजेतून त्याचा प्रपंच उभा राहतो. स्टीफन्स जन्माने इंग्रज. परंतु लोकांना ज्या छंदात पवित्र कथा ऐकण्याची सवय होती तो ओवीछंद त्यांनी स्वीकारला, आणि ज्या भाषेत लोक विचारीत होते त्या भाषेत उत्तर दिले. चार शतकांपूर्वीच्या या परकीय धर्मगुरूला जे उमगले, ते आमच्या आजच्या बालसाहित्याच्या पुष्कळशा लेखकांना उमगलेले दिसत नाही.

येथे खानदेशाचा विचार करणे आवश्यक ठरते. जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात. येथील ख्रिस्ती समाज विखुरलेला आहे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावी नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी कुटुंबे आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रोटेस्टंट मिशनांनी केलेल्या कार्यातून उभ्या राहिलेल्या मंडळ्याही आहेत. अशा प्रदेशात वसईसारखा घंटेच्या टप्प्यातला चर्चचा शेजार सर्वांना लाभत नाही. येथे मुलाचे खरे धर्मशिक्षण घरात झाले तर झाले.

आणि या घरांची भाषा कोणती? कोठे अहिराणी, कोठे लेवा गणबोली, कोठे भिल्ली वा पावरी. बायबल मात्र ग्रांथिक मराठीत. विल्यम कॅरी यांनी १८११ मध्ये सेरामपूरहून मराठी नवा करार प्रसिद्ध केला, तेव्हापासून अनुवादकांपुढे हाच पेच आहे. पंडिता रमाबाईंनी तो मनापासून ओळखला होता. अल्पशिक्षित खेडूत स्त्रीलाही समजेल असे बायबल व्हावे या ध्यासाने त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून अनुवाद सिद्ध केला. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनने संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. आमच्या काळात दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध करून आजच्या मराठी वाचकाला टिपांसह सुगम संहिता दिली, आणि साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्काराने तिचा गौरव झाला. ही मोठी कामे आहेत. तथापि सर्वांत सुगम मराठी बायबलदेखील चोपडा वा साक्री तालुक्यातील घरात उघडले की घरच्या बोलीपासून दोन पावले दूरच राहते. 'नीतिमान', 'प्रायश्चित्त', 'अभिषिक्त' हे शब्द मूल ऐकते आणि सोडून देते.

यावर उपाय एकच: वाचन ग्रंथाच्या भाषेत करावे आणि कथा लगेच घरच्या बोलीत पुन्हा सांगावी, आणि ती वडिलांनी नव्हे, मुलाने सांगावी. उधळ्या पुत्राचा दाखला वाचून झाल्यावर मुलाने तो अहिराणीत सांगू लागावे, म्हणजे 'धाकटा पुत्र' हा 'धाकला आंडोर' होईल, आणि अंगणातून धावत निघालेला बाप त्याला आपल्या गल्लीतला दिसेल. सांगताना मूल जे गाळते, जे वाढविते, जेथे अडखळते, तेथेच अभ्यासाची सुरुवात आहे. त्याने थोरल्या भावाचा राग गाळला, तर का गाळला हे विचारावे. त्याने बापाला रागावलेला दाखविला, तर ग्रंथ पुन्हा उघडून पाहावे. संहितेकडे परत जाण्याची ही सवय म्हणजेच अभ्यास.

धर्मग्रंथ लोकांच्या बोलण्यात कसा उतरतो, याचा एक थोर धडा धुळ्याच्याच भूमीत गिरविला गेला आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भाव्यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात अठरा रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'गीताई'मागेही एक घरगुती कथा आहे: संस्कृत गीता न समजणाऱ्या आईने सोपी गीता मागितली होती. आम्ही दोन धर्मग्रंथांची तुलना करीत नाही. पद्धतीकडे लक्ष वेधीत आहोत. आठवड्यास एकच अध्याय, ठरलेला वार, ऐकणाऱ्यांच्या जीवनातले दृष्टान्त, आणि लिहून घेणारा एक तत्पर हात. तुरुंगात जे जमले ते घरात जमू नये, असे म्हणणे अवघड आहे.

शिवाय लिहिता-वाचता न येणाऱ्या आईबापांनी या कामात संकोच बाळगावा, असे खानदेशात तरी कोणी म्हणू नये. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) निरक्षर होत्या. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेली गाणी इतरांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आली. अक्षर न येणाऱ्या स्त्रीपाशी केवढे चिंतन असू शकते, याची साक्ष याच मातीने दिली आहे. मुलाने वाचावे आणि आजीने अर्थ उलगडावा, ही कामाची वाटणी आमच्या घरांत सहज शक्य आहे. पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाचा नामनिर्देश केला आहे, तो उगाच नव्हे.

आता मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या बायबलकथांकडे वळू. एकोणिसाव्या शतकात 'बालबोधमेवा'सारखे मासिक चालविणाऱ्या मराठी ख्रिस्ती समाजाला बालसाहित्याची परंपरा नाही, असे नाही. परंतु आज हाती येणाऱ्या पुस्तकांत तीन दोष वारंवार आढळतात. पहिला दोष तात्पर्याचा. कथा संपते न संपते तोच 'म्हणून आपण आज्ञाधारक व्हावे' असे वाक्य येते, आणि कथेचे दार लागते. दावीद आणि गल्याथ यांची कथा धैर्याचा धडा होते, योसेफाची कथा क्षमेचा धडा होते. परमेश्वर मात्र या धड्यांच्या मागे अदृश्य होतो. दुसरा दोष कठीण ते गाळण्याचा. नोहाचे तारू म्हणजे प्राण्यांची जत्रा होते, आणि पुरात बुडालेल्यांविषयी अक्षर नसते. मूल मात्र त्यांच्याविषयीच विचारते. अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगरावर निघाला, हे ऐकून मुलाच्या मनात जे भय उभे राहते, त्याला उत्तर न देता पुस्तक पान उलटते. लहान वयाला काय झेपेल याचा विवेक अवश्य करावा. पण गाळलेल्या गोष्टी मुलाला शाळेत, रस्त्यावर कोणी ना कोणी सांगणारच, आणि तेव्हा घराने आपल्यापासून काही लपविले अशी त्याची समजूत होईल. तिसरा दोष चित्रांचा आणि वातावरणाचा. गोरीगोमटी मंडळी, हिरवीगार कुरणे. हे सारे दूरदेशी कोठेतरी घडले आणि आपला त्याच्याशी संबंध नाही, असा संस्कार नकळत होतो.

वास्तविक शुभवर्तमानातील दाखल्यांची सृष्टी खानदेशातील मुलाच्या हाताशी आहे. आम्ही दोनच उदाहरणे घेतो.

पेरणाऱ्याचा दाखला घ्या. मिस्सेतील वाचनांच्या त्रैवार्षिक चक्रात, मत्तयाच्या वर्षी, हा दाखला सामान्य काळाच्या पंधराव्या रविवारी येतो. म्हणजे जुलैच्या मध्यास, जेव्हा खानदेशात पेरणीची धांदल नुकतीच उरकत आलेली असते. पुस्तके येथे तत्काळ चार प्रकारच्या जमिनींचे चार अर्थ सांगून मोकळी होतात. पण शेतकऱ्याच्या मुलाचा पहिला प्रश्न जमिनीविषयी नसतो. तो पेरणाऱ्याविषयी असतो. हा माणूस वाटेवर, खडकावर, काट्यांत बी का टाकतो? आमच्याकडे पाभरीने ओळीत पेरतात, सरकी तर हाताने एकेक टोबतात. बियाण्याच्या पिशवीला केवढे पैसे पडतात! हा प्रश्न बालिश नाही. पॅलेस्टाईनमध्ये बी हाताने फेकून पेरीत, ही माहिती द्यावी. परंतु तेवढ्याने प्रश्न संपत नाही. कोणती जमीन उगवेल आणि कोणती नाही याचा हिशेब न करता सर्वत्र बी टाकणारा हा पेरणारा कोण, या प्रश्नापाशी मूल आपल्या पायांनी चालत आलेले असते. चार जमिनींचे अर्थ येशूने शिष्यांना सांगितले आहेतच आणि तेही शिकवावे. मात्र पेरणाऱ्याच्या औदार्याकडे पाहण्याची वाट या मुलाने स्वतः काढलेली असते, आणि ती ते विसरत नाही.

दुसरे उदाहरण द्राक्षमळ्यातील मजुरांचे. हा दाखला त्याच वर्षी पंचविसाव्या रविवारी, सप्टेंबरच्या उत्तरार्धात येतो. त्या सुमारास कपाशीची बोंडे फुटू लागतात आणि वेचणीचे दिवस जवळ येतात. पहाटे आलेल्याला एक दिनार, दिवस मावळताना आलेल्यालाही एकच दिनार. दिनार ही एका दिवसाची मजुरी. वेचणीची मजुरी किलोवर मोजली जाते हे पाहत वाढलेले मूल म्हणणारच, की हा अन्याय आहे. येथे घाईने तात्पर्य सांगणाऱ्या पुस्तकाने मुलाला गप्प करू नये. कारण मळ्यात दिवसभर राबलेल्यांनी केलेली तक्रार हीच आहे, आणि येशूने ती दाखल्यातच ठेवली आहे. मुलाने दाखल्यातील एका पात्राचा आवाज ओळखला आहे. आता पुन्हा वाचावे. शेवटी आलेले मजूर दिवसभर का उभे होते? त्यांना कोणी कामावर घेतले नव्हते. ज्या आईने कामाच्या शोधात जाऊन रिकाम्या हाताने परतण्याचा दिवस पाहिला आहे, तिला येथे कोणत्याही भाष्यकाराची गरज नाही. ज्याला काम मिळाले नाही त्याच्या घरची चूलही तेवढ्याच दाण्यांनी पेटते, हे ती सांगू शकते. न्याय आणि करुणा यांचा संबंध काय, हा धर्मज्ञानाचा मोठा प्रश्न त्या संध्याकाळी त्या घरात मांडला गेलेला असतो. त्याचे अंतिम उत्तर त्या दिवशी सापडले नाही, तरी बिघडत नाही.

अशा अभ्यासाला ख्रिस्तसभेची मान्यता आहे काय, अशी शंका जुन्या पिढीतील काहींच्या मनात असते. एके काळी सामान्य जनांनी बायबल स्वतः हाताळण्याविषयी आपल्याकडे संकोच होता, हे खरे आहे. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले आणि १९६५ मध्ये दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात पवित्र शास्त्र सर्व श्रद्धावंतांना सुलभ व्हावे असे सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये कौटुंबिक धर्मशिक्षण इतर सर्व धर्मशिक्षणाच्या आधी येते, असे प्रतिपादिले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या २०१० मधील पत्रात प्रत्येक घरी बायबल असावे, ते आदराने ठेवावे आणि वाचन-प्रार्थनेसाठी वापरावे, अशी अपेक्षा आहे. यांपैकी आदराने ठेवण्याचा भाग आपण निष्ठेने पाळला. काचेच्या कपाटात, क्रुसाच्या पायाशी, बायबल सुरक्षित आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये सामान्य काळाचा तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. वर्षातून एका रविवारी चर्चमध्ये ग्रंथाची मिरवणूक निघावी आणि घरी तो मिटलेला राहावा, हा त्या नेमणुकीचा हेतू खचित नव्हे.

यावर दोन आक्षेप येतात. एक असा, की प्रत्येक घर आपापला अर्थ लावू लागले तर गोंधळ माजेल. हा आक्षेप गंभीर आहे. कॅथलिक कुटुंब बायबल एकट्याने वाचत नाही. ते ख्रिस्तसभेसोबत वाचते. म्हणूनच येत्या रविवारच्या मिस्सेचे शुभवर्तमान आधीच्या आठवड्यात घरी वाचणे, हा आम्हांस सर्वांत उचित मार्ग वाटतो. घरात न सुटलेला प्रश्न मुलाने वहीत लिहावा आणि तो घेऊन चर्चमध्ये यावे. तेथे ते प्रवचन ऐकेल ते आपल्या प्रश्नाच्या कानांनी. 'मला ठाऊक नाही, आपण विचारू', हे वाक्य बापाच्या तोंडून ऐकल्याने मुलाचा विश्वास ढळत नाही. उलट सत्याचा शोध मोठ्यांनाही घ्यावा लागतो, हे त्याला कळते. धर्मगुरूंनीही अशा प्रश्नांना प्रवचनात स्थान द्यावे. रथात बसून यशया वाचणाऱ्या हबशी अधिकाऱ्याला फिलिप्पाने आधी विचारले ते एवढेच, की वाचतोस ते समजते काय. आणि अधिकाऱ्याने मोकळेपणाने आपली अडचण सांगितली.

दुसरा आक्षेप वेळेचा. शाळा, शिकवणी, मोबाइल, आईवडिलांचे कष्ट. यात अतिशयोक्ती नाही. पण आठवड्यातून एकदा वीस मिनिटे, एक उतारा, मुलाने केलेले एक पुनर्कथन आणि एक प्रश्न, यापेक्षा अधिक आम्ही मागत नाही.

पणाला काय लागले आहे, हे विसरून चालणार नाही. आमची मुले शिक्षणासाठी आणि पोटासाठी पुण्याला, नाशिकला, सुरतेला जातात. तेथे त्यांना अन्य धर्मांचे मित्र भेटतील, कोणताच धर्म न मानणारेही भेटतील, आणि सारे त्यांना प्रामाणिक प्रश्न विचारतील. ज्या मुलाला घरी प्रश्न विचारण्याची मुभा होती, ते दुसऱ्याच्या प्रश्नाने घाबरणार नाही की चिडणार नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेकडे ते आदराने पाहील. ज्याच्याजवळ केवळ पाठ केलेली उत्तरे आहेत, त्याची उत्तरे संपली की श्रद्धाही संपल्यासारखी वाटते.

म्हणून आमच्या लेखकांकडे आमची एक मागणी आहे. खानदेशातील घरांसाठी दाखल्यांची एक छोटी पुस्तिका लिहावी. तिच्यात संहितेचा संदर्भ असावा, कठीण शब्दांचा अर्थ असावा, त्या काळच्या शेतीची, मजुरीची, लग्नकार्याची थोडी माहिती असावी. चित्रे येथल्या माणसांची असावीत. कथेखाली तात्पर्य नसावे. त्या जागी काही ओळी कोऱ्या सोडाव्यात, आणि त्यांवर एवढेच लिहावे: 'तुझा प्रश्न'.